दौलताबादचे दरवाजे एकासमोर एक का नाहीत? आणि हत्तीची गोष्ट खरी का?

घाटवाट्या
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन वेरूळ-दौलताबाद केलं. वेरूळबद्दल नेटवर ढिगानं माहिती आहे, माझा प्रश्न दौलताबादच्या दरवाज्यांबद्दल आहे, कारण आमचा निम्मा वेळ तिथंच गेला, पोरगं तोफा बघून पुढं हलायलाच तयार नव्हतं. तिकीट काढून आत शिरलं की पहिला भला मोठा दरवाजा, फळ्यांवर लोखंडी खिळे, ते ओलांडलं की वाटतं झालं, पोचलो किल्ल्यात. तर कसलं काय, समोर उंच भिंतींचा चौक, बाजूला खोल्या, त्यात तोफा मांडून ठेवल्यात, आणि पुढचा दरवाजा सरळ समोर नाहीच, वळून जावं लागतं. तिथून आत गेलं की पुन्हा तोच प्रकार.

शेजारी एका ग्रुपला गाईड सांगत होता की हत्ती धडक मारून दार तोडायचे म्हणून खिळे, मग खिळ्यांना हत्ती बिचकतो म्हणून शत्रू मधे उंट उभा करायचा आणि हत्तीची धडक उंटावर बसायची. पोरगं रात्री झोपेपर्यंत विचारत होतं की उंटाचं काय झालं. आता हे खरं का गाईडमसाला?

दुसरं म्हणजे किल्ला सोडून वेरूळकडे निघालं की घाट चढायच्या आधी मेन रोडच एका जुन्या दरवाज्यातून जातो, तिथं आम्ही अर्धा तास ट्रकच्या मागं अडकलो. किल्ल्यापासून एवढ्या लांब तो दरवाजा कशाचा? आणि तिसरं, इतका बंदोबस्त असून हा किल्ला इतक्या वेळा पडला कसा? यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल, सगळ्यांच्या हातात जाऊन आला. जाणकारांनी प्रकाश टाकावा, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

जंग्या-चर्या
घाटवाट्याभाऊ, बहुतेक लोक त्या चौकात सेल्फी काढून चांदमिनारकडे पळतात, तुमच्या पोराला दाद दिली पाहिजे.

तटबंदी कितीही जाड बांधली तरी तिला कुठंतरी भोक ठेवावंच लागतं, नाहीतर आतली माणसं, गुरं, धान्याच्या गाड्या येणार जाणार कुठून. म्हणजे सगळ्या तटात मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा म्हणजे दरवाजा. त्यामुळं बांधणाऱ्याची सगळी अक्कल तिथं खर्च होते. दौलताबादला महाकोटाच्या म्हणजे मधल्या तटाच्या दारात तुम्ही जे बघितलंत ते हेच, एका दारावर भिस्त ठेवायची नाही, दारामागं दार, आणि दोन दारांच्या मधे चारी बाजूंनी भिंती असलेला चौक. पहिलं दार फोडून शत्रू आत घुसला तरी तो त्या चौकात कोंडला जातो, आणि वर फांजीवर म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसांना खाली बाण, गोळ्या, दगड, उकळतं तेल काय हवं ते टाकायला मोकळं. तुम्ही परत गेलात तर चौकाच्या बरोब्बर मधे उभं राहून वर मान करून बघा, कुठल्या कोपऱ्यात उभं राहिलं म्हणजे वरून दिसणार नाही असा कोपरा शोधा. सापडत नाही.

आता वाकडी वाट का. दार फोडायला लागते धाव. हत्ती असो नाहीतर वीस-तीस माणसांनी उचललेला ओंडका असो, सरळ रेषेत जागा मिळाली तरच वेग येतो आणि वेग आला तरच धक्का बसतो. पहिल्या दारातून आत आल्याबरोबर वळायला लावलं की सगळा जोर तिथंच मोडला. तोफा आल्यावर तर याचा आणखी फायदा झाला, कारण बाहेर लांब तोफ लावून पहिलं दार उडवलं तरी त्याच जागेवरून दुसऱ्या दारावर नेम धरता येत नाही, तोफ ओढत चौकात आणावी लागणार, आणि ती आणणारे बैल आणि माणसं वरून मारली जाणार.

बाजूच्या ज्या खोल्यांत आता तोफा मांडल्यात त्या पहारेकऱ्यांच्या देवड्या असाव्यात असं मला वाटतं, गाईड लोक त्यांना कैदखाना म्हणतात. दाराच्या आतल्या बाजूच्या दगडी चौकटीत चौकोनी खोबणी असतात, कुठल्याही जुन्या किल्ल्यात दिसतील. एका बाजूची खोबण हातभर खोल, दुसऱ्या बाजूची उथळ. अडसराचा वासा एरवी त्या खोल खोबणीत भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा, दार लावलं की ओढून काढायचा आणि त्याचं टोक समोरच्या उथळ खोबणीत बसवायचं. माझ्या काकांच्या वाड्याला अशीच सोय होती, लहानपणी आम्ही त्या खोबणीत गोट्या लपवायचो. आणि दाराला बिजागऱ्या नसतात, दाराच्या कडेचा खुंटा वर आणि खाली दगडातल्या खळग्यात बसवलेला असतो आणि त्यावर ते अख्खं दार फिरतं.

हत्तीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. हत्तीनं दार फोडायची पद्धत आपल्याकडं होतीच आणि टोकदार खिळे त्याच्या कपाळाच्या उंचीला येतील असेच ठोकलेले असतात, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर पण तेच बघायला मिळतं. पण खिळ्यांना आणखी एक काम असतं, जाड फळ्या आणि मागचे आडवे वासे एकमेकांना घट्ट आवळून धरायचं. वरून लोखंडी पत्रे मारले की कुऱ्हाड चालत नाही आणि आग पण लवकर धरत नाही, आणि माझ्या मते लाकडी दाराला हत्तीपेक्षा आगीचीच भीती जास्त. उंटाचं काय, कुणाला कुठं असं केल्याचा पुरावा असेल तर द्या, मला तरी आजवर फक्त गाईडच्या तोंडूनच ऐकायला मिळालंय. राजस्थानातल्या किल्ल्यांवर पण हीच गोष्ट सांगतात, शब्दाला शब्द. पोराला सांगा उंट सुखरूप आहे.

खडकीकर
रोडवरच्या दरवाज्याचं मी सांगतो, आमचं लहानपण त्याच रस्त्यावर गेलं.

त्याला इथं दिल्ली दरवाजा म्हणतात (शहरातला दिल्ली गेट वेगळा बरं का, तो औरंगाबादच्या कोटाचा). दौलताबादला तट एक नाही, आतून बाहेर मोजले तर बालेकिल्ल्याच्या पायथ्याचा कालाकोट, त्याबाहेर महाकोट म्हणजे जिथं तुम्ही तिकीट काढलं, आणि सगळ्यात बाहेर अंबरकोट. हा अंबरकोट गावाला वळसा घालून लांबवर गेलाय, रोडवरून जाताना दोन्ही बाजूंना झाडीत पडका तट दिसतो बघा, लोकांना वाटतं शेताचा बांध आहे. तो तट आणि तो दरवाजा म्हणजे किल्ल्याचा नाही, शहराचा. नाव निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यावरून पडलं.

म्हणजे आज आपण ज्याला दौलताबादचा किल्ला म्हणतो ते खरं तर एक अख्खं तटबंदीचं शहर होतं आणि त्याचा मधला गड्डा आता किल्ला म्हणून शिल्लक राहिलाय. इब्न बतूता हा परदेशी प्रवासी चौदाव्या शतकात, मुहंमद तुघलकाच्या काळात इथं येऊन गेला, त्यानं पण शहराचे तीन भाग सांगितलेत, एक दौलताबाद, तिथं सुलतान आणि त्याचं लष्कर, दुसरा कटक, आणि तिसरा डोंगरावरचा देवगीरचा बालेकिल्ला. त्यानं लिहिलंय की बालेकिल्ल्यावर चामड्याच्या शिडीनं चढावं लागायचं आणि रात्री ती शिडी वर ओढून घ्यायचे. आणि तिथल्या अंधारकोठडीतले उंदीर मांजरापेक्षा मोठे असतात असंही लिहून ठेवलंय, मांजरंच त्यांना घाबरतात म्हणे. हे पोराला सांगा, उंट विसरून जाईल.

आता ट्रॅफिकचं. एका वेळी एकच मोठी गाडी निघते त्या कमानीतून, शनिवार-रविवार किंवा श्रावणात घृष्णेश्वराची गर्दी असली की दोन्हीकडं रांगा लागतात. बाहेरून वळवून रस्ता न्यायची मागणी फार जुनी आहे. कमानीच्या कडेला गाड्या घासून घासून दगड गुळगुळीत झालेत, कुणीतरी मागं ट्रक अडकवलाच म्हणून समजा. गंमत म्हणजे दरवाजा बांधला तेव्हाही त्याचं काम हेच होतं, येणाऱ्याला थांबवायचं. तेव्हा जकात घ्यायला थांबवायचे एवढाच काय तो फरक.

आणि हे काही फक्त आमच्याकडं नाही, खुद्द शहरातल्या मकई गेट आणि बारापुल्ला गेटमधून अजून वाहनं जातात, तिथं पण रोजची बोंबाबोंब.

अपर्णा_ब
खडकीकर, जकातीचा मुद्दा आवडला. शहराच्या दरवाज्याचं वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस जे काम असतं ते युद्धाचं नसतंच. सकाळी उघडायचा, संध्याकाळी लावायचा, कोण आलं कोण गेलं बघायचं, मालावर कर घ्यायचा, रात्री उशिरा आलेल्याला बाहेर ठेवायचं. रायगडच्या हिरकणीची गोष्ट आपण आईच्या धाडसाची म्हणून सांगतो, पण ती सगळी उभी आहे ती संध्याकाळी दार लागलं की काही केल्या उघडत नाही या एका नियमावर.

घाटवाट्या, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करते, थोडं लांबेल. देवगिरी, म्हणजे हाच दौलताबाद, किती वेळा पडला हे मोजण्यापेक्षा कसा पडला हे बघा, म्हणजे दरवाज्यांबद्दलच कळेल.

1296 ला अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा तो सुलतान पण नव्हता, उत्तरेतल्या कडा-माणिकपूरचा सुभेदार होता, सासऱ्याला म्हणजे जलालुद्दीनला न सांगता काही हजार घोडेस्वार घेऊन एलिचपूर म्हणजे आताच्या अचलपूरमार्गे उतरला. यादवराजा रामदेवरावाचं मोठं सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलं. खालचं शहर अल्लाउद्दीनला फारसा विरोध न होता लुटता आलं, आज दिसतात तसे तट तेव्हा शहराला नव्हते, राजा वर बालेकिल्ल्यात जाऊन बसला. बालेकिल्ला घेणं अल्लाउद्दीनला जमलं नसतं, पण त्यानं आवई उठवली की मागून सुलतानाचं वीस हजारांचं घोडदळ येतंय. त्यात राजाचा मुलगा परत येऊन लढला आणि हरला. आणि मग इतिहासकार फिरिश्ता सांगतो ती प्रसिद्ध गोष्ट, घाईघाईत किल्ल्यात भरलेली पोती उघडली तर धान्याऐवजी मीठ निघालं. तह झाला, खंडणी दिली. दाराला कुणी हातही लावला नाही.

पुढं 1327 च्या सुमाराला तुघलकानं राजधानी आणली, नाव दौलताबाद केलं, ते सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. 1347 ला तिथंच बंड होऊन हसन बहमनशाह गादीवर बसला, म्हणजे बहमनी राज्याचा जन्म याच किल्ल्यात. ते पण आतून, वेढा घालून किल्ला जिंकला असं नाही.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट निजामशाहीची आहे. निजामशाही स्थापन करणाऱ्या मलिक अहमदनं वेढा घालून बघितला, लक्षात आलं की हा किल्ला जोरावर मिळणार नाही. मग त्यानं काय केलं, जवळ पडेल अशा बेतानं अहमदनगर वसवलं आणि तिथून दरवर्षी पिकं कापणीला आली की फौज पाठवून दौलताबादच्या आसपासचा मुलूख लुटायचा. वर्षानुवर्षं. आतला किल्लेदार मलिक अश्रफ आजारी पडून मेला तेव्हा 1499 ला शिबंदीनं स्वतः किल्ल्या आणून दिल्या. आज आपण नगरला जातो ते शहर एका अर्थी दौलताबादचे दरवाजे उघडत नव्हते म्हणून तिथं आहे!

आणि 1633. महाबतखान शाहजहानचं सैन्य घेऊन आला, आत मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान. बाहेरून विजापूरची फौज, रणदुल्लाखान, मुरारपंत आणि आपले शहाजीराजे, मुघलांची रसद तोडायचा प्रयत्न करत होते. मुघलांनी दारावर डोकं आपटलंच नाही, तटाखाली सुरुंग खणले, दारू भरून उडवले, अंबरकोट असाच फुटला, महाकोट पण. आत उपासमार आणि रोगराई, शेवटी फत्तेखानानं पैसे आणि अभय घेऊन किल्ला दिला. मधल्या बालेकिल्ल्यावर लढून चढायची वेळ कुणावर आलीच नाही.

आता यात दरवाजा फोडून आत गेले असं कुठं आहे का बघा. भूक, अफवा, फितुरी, सुरुंग. दरवाजे इतके चांगले होते की लोकांनी दुसरे रस्ते शोधले, असं माझं मत.

अजून एक, 1629 ला लखुजी जाधवरावांना, म्हणजे जिजाबाईंच्या वडिलांना निजामशहानं दरबारात बोलावून मुलांसकट मारलं ते याच किल्ल्यात. ते त्याच दरवाज्यांतून आत गेले असणार, बोलावणं आलं म्हणून. गाईड हे सांगत नाहीत, उंट सांगतात.

मराठवाडी_माणूस
अपर्णाताई छान लिहिलं पण एक राहिलं, देवगिरी मूळचा यादवांचा, हे दरवाजे पण यादवांचेच म्हणजे हेमाडपंती आहेत, सुलतानांनी फक्त कमानी लावल्या. दरवाज्याच्या आसपास भिंतीत देवळातले कोरीव दगड दिसतात तो पुरावाच आहे.

चुनाविटा
दादा, कोरीव दगड भिंतीत दिसतात हे खरंय, पण ते आडवेतिडवे, कुठं उलटे, कुठं नक्षी अर्धी कापून लावलेत. म्हणजे आधीच्या देवळाचा दगड काढून नंतर तट बांधताना वापरलाय, तट देवळाच्या काळातला असता तर नक्षी सरळ आणि दर्शनी लागली असती. मी सिव्हिलवाला आहे, इतिहास तुम्ही सांगा, मी फक्त बांधकामाचं सांगतो.

यादवांच्या काळातले कारागीर दगडावर दगड बसवून, आडव्या तुळया टाकून बांधायचे, दोन खांबांवर एक लांब शिळा. त्यात अडचण ही की दगडाला ताण सोसत नाही, शिळा फार लांब घेतली तर मधे चिरते, म्हणून दोन खांबांमधलं अंतर कमीच ठेवावं लागतं. देवळाला ते चालतं. शहराच्या दरवाज्यातून अंबारीसकट हत्ती जायचा असेल तर रुंदी आणि उंची दोन्ही लागतात आणि तिथं कमान कामाला येते, कारण कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो, ताण नाही, सगळा दाब. तो दाब बाजूला ढकलतो, म्हणून दोन्हीकडं भरभक्कम काहीतरी पाहिजे, आणि दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना बुरुज असतातच, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, पहारा पण झाला आणि कमानीला टेकू पण.

आता एक गोष्ट नीट बघा पुढच्या वेळी. दख्खनच्या बऱ्याच दरवाज्यांना समोरून टोकदार कमान दिसते, पण दाराची फळी काही कमानीच्या आकाराची नसते, ती चौकोनी. म्हणजे मोठ्या कमानीच्या आत थोडं मागं चौकोनी चौकट असते, वर आडवी तुळई किंवा शिळा, तिच्यावरचं वजन कमानीनं आधीच उचललेलं. दोन्ही पद्धती एकाच दारात एकामागं एक. जुन्या घराण्यातला पाथरवट आणि नवीन आलेला कारागीर एकाच साईटवर काम करत असतील तर असंच होणार.

त्यामुळं दादा, यादवांचं श्रेय कमी होत नाही, डोंगराचा कडा तासून उभा केलाय आणि भोवती कातळात खंदक खोदलाय, त्याची सुरुवात त्यांच्या काळातच झाली असं बरेच अभ्यासक मानतात. बेसाल्ट आहे तो, छिन्नी मारून बघा एकदा, हात भरून येतात. पण तोफांचे गोल बुरुज, बंदुकीसाठी तटात ठेवलेली भोकं म्हणजे जंग्या, कमानी हे बहमनी आणि निजामशाहीचंच.

मराठवाडी_माणूस
बरं, उलट्या नक्षीचा मुद्दा पटला. पण ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री पंडित रामदेवरावाचाच करणाधिप म्हणजे दफ्तराचा प्रमुख होता हे विसरू नका.

चुनाविटा
ते कोण नाकारतंय!

घाटवाट्या
वा, एवढं सगळं अपेक्षित नव्हतं. निजामशहानं शहर वसवून किल्ला दमवला हे तर माहीतच नव्हतं, आमचं आजोळ नगरचं आहे.

जंग्या-चर्या, अजून एक विचारतो. रायगडचा महादरवाजा पण वळणावर आहे, गोमुखी म्हणतात तो. मग तो आणि हा एकच प्रकार का? महाराजांनी दौलताबादवरून घेतलं असेल का?

जंग्या-चर्या
कुणी कुणावरून घेतलं ते मी सांगणार नाही, वाकडी वाट ही युक्ती जगभर फार जुनी आहे. पण फरक मोठा आहे.

महाकोटाचा दरवाजा सपाट जमिनीवर आहे आणि तो दिसावा म्हणूनच बांधलाय. लांबून येणाऱ्याला बुरुज, कमान, खिळे सगळं दिसलं पाहिजे, धाक बसला पाहिजे. राजधानीचं दार आहे ते, वकील येणार, व्यापारी येणार. त्यामुळं सगळा वळसा दाराच्या आत, चौकात.

रायगडला उलट. तिथं दोन बुरुज असे पुढं मागं घेऊन वळवलेत की खालून चढणाऱ्याला दार दिसतच नाही, नुसती तटाची भिंत दिसते. शेवटच्या वळणावर येईपर्यंत कळत नाही कुठून आत जायचं, आणि तिथं पोचेपर्यंत तुम्ही दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आलेले असता. वळसा दाराच्या बाहेर आणि समोर सपाटी नाही, उतार आणि पायऱ्या. हत्तीला धाव घ्यायला जागाच नाही आणि तोफ लावायला समोर माळ नाही. म्हणून तिथं दौलताबादसारखी चौकांची माळ करायची गरज पडली नाही, डोंगरानं निम्मं काम केलं, बाकीचं गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी.

काही ठिकाणी दाराच्या समोर आडवी आखूड भिंत असते, तिला जिभी म्हणतात. समोरून येणारा तोफगोळा भिंतीवर आदळतो, दारावर नाही. स्वस्तातला मस्त उपाय. भुईकोटांना हमखास दिसते, बघत जा.

आणि दौलताबादला खरा वळसा पुढंच आहे, लोक दरवाज्यांचं कौतुक करतात पण महाकोट, कालाकोट ओलांडून खंदकावरचा पूल पार केला की अंधारी लागते ना, तो पण दरवाजाच आहे. डोंगराच्या पोटातून वर जाणारा अंधारा बोगदा, पायऱ्या वेड्यावाकड्या, आणि वरच्या टोकाला लोखंडी झाकण. त्या झाकणावर शेगडी पेटवून बोगद्यात धूर आणि आच सोडायची अशी सोय होती. दाराला फळीच नाही, फोडणार काय?

अपर्णा_ब
अंधारीवरून आठवलं, एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी या देवगडावर किल्लेदार होते आणि नाथ लहान वयात पैठणहून पायी त्यांच्याकडं आले. स्वामींची समाधी पण गडावर आहे. परंपरेत एक कथा सांगतात, स्वामी समाधीत बसलेले असताना शत्रू चालून आला, तर नाथांनी स्वामींचा वेष चढवला, हत्यार हातात घेतलं आणि फौज घेऊन लढून आले, स्वामींना पत्ताही लागू दिला नाही. भारुडं लिहिणारे नाथ चिलखत घालून या दरवाज्यातून बाहेर पडतायत हे डोळ्यासमोर आणून बघा.

आणि मराठ्यांचं म्हणाल तर 1760 ला उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊंनी निजामाकडून तहात दौलताबाद घेतला होता. तेव्हाही कागदावरच, दार न फोडता.

मराठवाडी_माणूस
ताई तुम्ही तो शेवटचा टोला मारणार हे माहीत होतं 😄 बरं, पुढच्या महिन्यात पाहुणे घेऊन जायचंय, दरवाज्यांसाठी कधी जावं? दुपारी तर तिथं तापतं नुसतं.

खडकीकर
सकाळी उघडल्या उघडल्या जा. शाळांच्या सहली दहाच्या पुढं येतात, नंतर त्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवारच्या आत उरका, शनिवार-रविवार दिल्ली दरवाज्यात अडकलात तर वेरूळ राहिलंच. अंधारीत मोबाईलचा टॉर्च पुरत नाही, बॅटरी घ्या, वटवाघळं आहेत आणि वास पण येतो, पाहुण्यांत कुणाला दम्याचा त्रास असेल तर त्यांना बाहेरच्या पायऱ्यांनी न्या. आणि पेरू तिथं दारात विकायला बसतात ते घ्या, पण आत नेऊ नका, माकडं हातातून ओढून नेतात.